फ्रँकलिनची माणसं डब्यांतल्या शिशाने मेली का? एका जहाजवाल्याचं सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे, की १८४५ मध्ये सर जॉन फ्रँकलिन 'एरेबस' आणि 'टेरर' ही दोन जहाजं घेऊन कॅनडाच्या वरून पॅसिफिकला जाणारा वायव्य मार्ग शोधायला निघाला, जहाजांना स्टीम इंजिन होतं, नाकाला लोखंडी पत्रे ठोकलेले होते, तीन वर्षांचं खाणं भरलेलं होतं, तरी १२९ च्या १२९ माणसं मेली कशी? आणि सगळे व्हिडिओ सांगतात तसं खाण्याच्या हवाबंद डब्यांच्या सोल्डरिंगमधलं शिसं अंगात भिनून त्यांची डोकी फिरली हे खरं का? शिवाय तुम्ही विचारलंय की आजचा कॅप्टन तिथे असता तर त्याने काय वेगळं केलं असतं.

माझी बाजू आधी सांगतो. मी मर्चंट नेव्हीत आयुष्य काढलं, मास्टर, म्हणजे जहाजाचा कॅप्टन, म्हणून रिटायर झालो. बॉथनियाच्या आखातात, म्हणजे बाल्टिकच्या अगदी वरच्या टोकाला, आणि कॅनडात सेंट लॉरेन्समध्ये ऐन हिवाळ्यात जहाजं नेली आहेत. वायव्य मार्गाने मी स्वतः गेलेलो नाही. त्यामुळे बर्फ जहाजाला काय करतो हे मी अनुभवाने सांगतो, आणि तिथल्या सामुद्रधुन्यांबद्दल चार्ट समोर ठेवून आणि या मोहिमेवर वर्षानुवर्षं वाचून सांगतो.

माझ्या मते या विषयावर लोक प्रश्नच उलट्या टोकाने विचारतात. सगळे मृतदेहापासून सुरू करतात, हाडात काय सापडलं, पोटात काय होतं वगैरे. जहाजवाला माणूस जहाजापासून सुरू करतो. दोन चांगली, मजबूत जहाजं नेमकी कुठे अडकली, त्या जागी ती गेलीच का, आणि अडकल्यावर सुटली का नाहीत? याचं उत्तर नीट मिळालं की शिसं, स्कर्व्ही (क जीवनसत्त्व न मिळाल्याने होणारा रोग), थंडी, उपासमार या सगळ्यांची जागा आपोआप ठरते. माणसं मरणार हे १८४६ च्या सप्टेंबरातच बहुतेक ठरून गेलं होतं, बाकीच्या गोष्टींनी फक्त कोण किती दिवस टिकणार हे ठरवलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता शिशाचं आधी उरकतो, कारण तुमचा मुख्य भर त्यावर आहे. मोहिमेचा पहिला हिवाळा, १८४५-४६ चा, बीची आयलंडला गेला आणि तिथे तीन जण वारले, जॉन टॉरिंग्टन, जॉन हार्टनेल आणि विल्यम ब्रेन. त्यांच्या थडग्यांत बर्फाने देह जसेच्या तसे टिकले होते. १९८४ आणि १९८६ मध्ये कॅनडाच्या ओवेन बीटी यांच्या टीमने ते उकरून तपासले आणि शिशाचं प्रमाण खूप जास्त निघालं. ते फोटो जगभर गेले आणि तेव्हापासून शिशाची गोष्ट लोकांच्या डोक्यात पक्की बसली. डब्यांवर संशय यायलाही कारण होतं, स्टीफन गोल्डनर नावाच्या कंत्राटदाराला सुमारे ८,००० डब्यांची ऑर्डर १ एप्रिल १८४५ ला मिळाली आणि जहाजं १९ मे ला निघाली, म्हणजे जेमतेम सात आठवडे, काम घाईत उरकलं गेलं असणारच.

पण नंतरच्या तपासण्यांनी चित्र बरंच बदललं. त्या काळात ब्रिटनमध्ये कोणाच्याही हाडात शिसं असायचंच, पाण्याचे पाइप शिशाचे, भांड्यांत शिसं, औषधांतसुद्धा शिसं, आणि हाडात ते वर्षानुवर्षं साठत जातं. मोहिमेवर शिसं भिनत होतं असं धरलं तर जे लोक दोन वर्षं जास्त जगले त्यांच्या हाडात ते बीचीवाल्यांपेक्षा जास्त दिसायला हवं, आणि २०१८ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात तसं स्पष्ट काही दिसलं नाही. हार्टनेलच्या नखांची तपासणी झाली तर त्यात झिंकची तीव्र कमतरता निघाली, म्हणजे ताजं मांस वगैरे मिळत नव्हतं आणि प्रतिकारशक्ती ढासळली होती. मग शिशाने काहीच झालं नाही का? थकलेल्या, अर्धपोटी माणसाला ते त्रास देणारच. पण दोन्ही जहाजांचे ऑफिसर वेडे झाले म्हणून चुकीच्या दिशेला गेले, ही गोष्ट मला पटत नाही. त्यांचे निर्णय वेड्यासारखे नाहीत, त्यांच्याकडे जी माहिती होती त्यावरून ते बरेचसे समजतात, आणि मला तोच भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

आता जहाजांकडे येऊ. 'टेरर' १८१३ ची आणि 'एरेबस' १८२६ ची, दोन्ही मूळच्या बॉम्ब व्हेसल, म्हणजे जड तोफांचा धक्का सोसायला मुद्दाम जाड लाकडात बांधलेल्या. जेम्स क्लार्क रॉसने १८३९ ते १८४३ मध्ये याच दोन जहाजांनी अंटार्क्टिका केला, तिथल्या दोन ज्वालामुखी डोंगरांना यांचीच नावं आहेत. त्याआधी १८३६-३७ मध्ये 'टेरर' हडसन बेच्या तोंडाशी दहाएक महिने बर्फात दाबली गेली आणि कशीबशी परत आली. तेव्हा जहाज म्हणून त्यांना नाव ठेवायला जागा नाही.

इंजिनाबद्दल मात्र फार गैरसमज आहे. ती रेल्वेची जुनी इंजिनं होती, चाकं काढून जहाजाच्या पोटात बसवलेली, पंचवीस हॉर्सपॉवरच्या आसपासची. आपल्याकडचा छोटा ट्रॅक्टर डोळ्यासमोर आणा, साधारण तेवढा जोर आणि तो सव्वातीनशे-पावणेचारशे टनांच्या तुडुंब भरलेल्या जहाजाला. शांत पाण्यात चार नॉट्स, म्हणजे ताशी सातेक किलोमीटर, मिळायचे. कोळसा सलग चालवला तर बाराएक दिवसांचा. बॉथनियात आम्हाला वाट करून देणारे आईसब्रेकर वीस हजार हॉर्सपॉवरच्या वरचे असतात, आणि वारा फिरून बर्फ दाबायला लागला की तेसुद्धा थांबून वाट बघतात. त्यामुळे फ्रँकलिनचं इंजिन बर्फ फोडण्यासाठी कधीच नव्हतं, वारा नसताना मोकळ्या पाण्याच्या पट्टीतून सरकायला होतं, आणि तेवढ्यापुरतं ठीकच होतं.

माणसांबद्दल दोन ओळी. फ्रँकलिन ५९ वर्षांचा, आर्क्टिकचा जुना माणूस पण मधली बरीच वर्षं बर्फापासून लांब, त्यातली काही टास्मानियाचा गव्हर्नर म्हणून. 'टेरर'चा कॅप्टन फ्रान्सिस क्रोझियर, बर्फातला सर्वात अनुभवी. 'एरेबस'चा कॅप्टन जेम्स फिट्झजेम्स हुशार आणि धाडसी, पण बर्फाचा अनुभव शून्य. हा फिट्झजेम्स पहिल्या अफूच्या युद्धात 'कॉर्नवॉलिस' या जहाजावर होता, आणि ते जहाज आपल्या मुंबई डॉकयार्डमध्ये वाडियांनी सागवानात बांधलेलं, १८१३ चं. मुंबईच्या जहाजावर लढलेला माणूस पुढे किंग विल्यम आयलंडवर मेला, हा धागा मला नेहमी आठवतो.

आता मुख्य मुद्दा, आणि इथे मॅप उघडून बघाल तर बरं. फ्रँकलिनला ऑर्डर होती की लँकेस्टर साउंडमधून पश्चिमेला केप वॉकरपर्यंत जायचं आणि तिथून नैर्ऋत्येला वळायचं, ते जमलं नाही तर वेलिंग्टन चॅनलने वर उत्तरेला बघायचं. १८४५ च्या मोसमात त्याने वेलिंग्टन चॅनलने ७७ अंशांपर्यंत जाऊन कॉर्नवॉलिस आयलंडला वळसा घातला आणि बीचीला हिवाळा काढला. १८४६ च्या उन्हाळ्यात पील साउंड मोकळा मिळाला आणि तो खाली दक्षिणेला उतरला. हा पील साउंड काही वर्षं उघडतो, काही वर्षं उघडतच नाही, आणि याचा पुढे शोधणाऱ्यांना फार त्रास झाला.

पील साउंडमध्ये उतरताना तुमच्या उजव्या हाताला, म्हणजे पश्चिमेला, प्रिन्स ऑफ वेल्स आयलंड आहे. ते बेट भिंतीसारखं उभं राहून पश्चिमेचा बर्फ अडवतं, त्यामुळे आत जो बर्फ असतो तो बहुतेक त्याच हिवाळ्यात तयार झालेला, एका वर्षाचा. बेट संपलं की आडोसा संपला. तिथे वायव्येकडून, आज ज्याला मॅक्लिंटॉक चॅनल म्हणतात त्यातून, थेट आर्क्टिक महासागरातला जुना बर्फ खाली सरकत येतो आणि किंग विल्यम आयलंडच्या वायव्य किनाऱ्यावर येऊन आदळतो, साठतो. १८४६ मध्ये हा चॅनल कोणत्याही नकाशावर नव्हता.

जुना बर्फ आणि नवा बर्फ यातला फरक बाहेरच्या माणसाला कळत नाही म्हणून थोडं थांबून सांगतो. समुद्राचं पाणी पहिल्यांदा गोठतं तेव्हा त्यात मीठ अडकलेलं असतं, तो बर्फ जरा मऊ असतो, जहाजाच्या नाकाखाली वाकतो आणि मग तुटतो, बॉथनियात आम्हाला भेटायचा तो हाच. तोच बर्फ एक-दोन उन्हाळे न वितळता टिकला की मीठ खाली झिरपून जातं आणि उरतो तो जवळजवळ गोड्या पाण्याचा, निळसर, जाड आणि दगडासारखा कडक बर्फ. आजही आईस क्लासचं, म्हणजे बर्फात चालायला मुद्दाम मजबूत केलेलं जहाज असलं तरी अशा तुकड्याला हळू जाऊन वळसाच घालायचा असतो, त्याच्यावर चढायचं नसतं. आणि हा बर्फ एका जागी उभा नसतो, वारा आणि करंट त्याला ढकलत असतात, समोर किनारा आला की तुकडे एकमेकांवर चढतात. मधे जहाज सापडलं तर त्याला पुढे नाही, मागे नाही, बर्फ नेईल तिकडे जायचं. साध्या एका वर्षाच्या बर्फात जहाज दाबलं गेलं तेव्हा प्लेट्सचा जो आवाज ऐकलाय तो मी विसरू शकत नाही, आणि आमच्याकडे स्टीलचं जहाज होतं आणि रेडिओवर आईसब्रेकर होता.

तर फ्रँकलिन त्या जागी आला तेव्हा त्याच्यापुढे दोन रस्ते होते. किंग विल्यमच्या पश्चिमेने जा किंवा पूर्वेने जा. पूर्वेचा रस्ता आडोशाचा आहे, बेट स्वतःच तो जुना बर्फ अंगावर घेतं आणि मागच्या बाजूला बऱ्याच उन्हाळ्यांत पाणी मोकळं होतं. पण फ्रँकलिनच्या चार्टवर पूर्वेला रस्ताच नव्हता! जॉन रॉसच्या १८२९-३३ च्या मोहिमेनंतर जो नकाशा छापला गेला त्यात किंग विल्यम बूथिया द्वीपकल्पाला जोडलेलं दाखवलं होतं, मधे एक बंद खाडी. ते बेट आहे आणि मधे सामुद्रधुनी आहे हे १८५४ मध्ये जॉन रे याने पायी जाऊन बघितलं, म्हणून तिला रे स्ट्रेट म्हणतात. बंद खाडीत कोणता कॅप्टन जहाज घालेल? मीही घातलं नसतं. फ्रँकलिनचा शोध घेत १८५९ मध्ये तिथे पोचलेल्या मॅक्लिंटॉकनेही हेच म्हणून ठेवलंय, की पूर्वेला वाट आहे हे माहीत असतं तर फ्रँकलिनने पश्चिमेच्या त्या भयंकर बर्फात जहाजं घातली नसती.

मग जहाजं पश्चिमेला वळली आणि १२ सप्टेंबर १८४६ ला उघड्या समुद्रात बर्फात अडकली. १८४८ च्या एप्रिलमध्ये माणसांनी ती सोडली तोपर्यंत ती सुटली नाहीत. १८४७ चा अख्खा उन्हाळा गेला आणि बर्फ मोकळा झाला नाही. त्याच उन्हाळ्याच्या तोंडावर, ११ जून १८४७ ला, फ्रँकलिन वारला.

चार्टची चूक त्याची नव्हती, हे मान्य. पण १२ सप्टेंबर या तारखेबद्दल मात्र मी त्याला दोष देतो. त्या भागात ऑगस्टच्या शेवटी नवा बर्फ धरायला लागतो आणि त्या काळच्या नेव्हीतला शिरस्ताच असा होता की सप्टेंबर उजाडला की कुठेतरी किनाऱ्याला, बंदरासारखी आडोशाची जागा शोधायची आणि हिवाळ्यासाठी जहाज आत घ्यायचं. वायव्य मार्ग शोधणाऱ्या एडवर्ड पॅरीने १८१९ मध्ये तेच केलं, फ्रँकलिनने स्वतः बीचीला तेच केलं. आज आम्ही पॅसेज प्लॅन, म्हणजे प्रवासाचा आराखडा, करतो तेव्हा चार्टवर अबॉर्ट पॉइंट टाकतो, म्हणजे या जागेच्या पुढे गेलं की मागे फिरता येणार नाही, म्हणून निर्णय इथेच घ्यायचा. फ्रँकलिनचा अबॉर्ट पॉइंट प्रिन्स ऑफ वेल्स आयलंडच्या दक्षिण टोकाशी होता. समोर जुना बर्फ दिसतोय, मोसम संपलाय, तर बूथियाच्या किनाऱ्याला जागा बघून थांबायला हवं होतं, पुढच्या उन्हाळ्यात बघता आलं असतं.

का थांबला नाही, तर माझा अंदाज असा, की केप हर्शेल, जिथपर्यंतचा किनारा डीज आणि सिम्पसन यांनी १८३९ मध्ये दक्षिणेकडून येऊन बघून ठेवला होता, ते जहाजं अडकली तिथून फक्त दीडशे किलोमीटरच्या आसपास होतं. म्हणजे तीनशे वर्षं ज्याच्यासाठी माणसं मेली तो वायव्य मार्ग जोडायला दीडशे किलोमीटर बाकी! चांगला वारा असता तर एका दिवसाचं काम. समुद्रावर काम केलेल्या कोणालाही हा मोह कळेल, पोर्ट जवळ आलं की माणूस रिस्क घेतो, आणि सगळ्यात जास्त अपघात असेच होतात.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, की चार्ट बरोबर असता तरी सगळं सुरळीत झालं असतं याची गॅरंटी नाही. पूर्वेचा रस्ता उथळ आहे, खडक आहेत. रोआल्ड अमुंडसेन १९०३ मध्ये 'योआ' घेऊन तिथूनच गेला, फक्त ४७ टनांची मासेमारीची होडी, बरोबर सहा माणसं, आणि तरी मॅटी आयलंडजवळ ती खडकावर चढली आणि डेकवरचं सामान समुद्रात फेकून कशीबशी सुटली. 'एरेबस' आणि 'टेरर' त्याच्यापेक्षा कितीतरी मोठ्या आणि पाण्यात खोल बसणाऱ्या. त्या टेकल्या असत्या ही शक्यता मोठी आहे. पण किनाऱ्याजवळ जहाज टेकणं आणि सरकत्या पॅक आईसमध्ये, म्हणजे समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या दाट तुकड्यांत, अडकणं यात जगण्या-मरण्याचा फरक आहे. किनाऱ्याला तुमचं सामान, लाकूड, आडोसा सगळं राहतं, जवळ माणसांची वस्ती असते. अमुंडसेन दोन हिवाळे आज ज्याला योआ हेवन म्हणतात तिथे राहिला, नेत्सिलिक इनुइट लोकांकडून कपडे कसे शिवायचे, कुत्र्यांची स्लेज कशी हाकायची, बर्फाचं घर कसं बांधायचं सगळं शिकला आणि १९०६ मध्ये अलास्काला सुखरूप पोचला.

कंपासबद्दलही सांगतो कारण याचा उल्लेख फारसा कोणी करत नाही. चुंबकीय उत्तर ध्रुव १८३१ मध्ये जेम्स क्लार्क रॉसला बूथियाच्या पश्चिम किनाऱ्यावर सापडला होता, म्हणजे जहाजं अडकली तिथून फार लांब नाही. ध्रुवाजवळ कंपासची सुई आडवी फिरायचं सोडून खाली झुकायला बघते, दिशा दाखवायचा जोर उरत नाही. आमचे जायरोकंपाससुद्धा (चुंबकाऐवजी फिरत्या चक्रावर चालणारे) फार वरच्या अक्षांशांवर कमकुवत होतात, पण आमच्याकडे सॅटेलाइट आहे. त्यांच्याकडे सूर्य होता, आणि तिथे धुकं आणि ढग किती असतात ते सांगायला नको.

आता खाण्याचं. लिंबाचा रस सुमारे ९,३०० पाउंड, म्हणजे चार टनांच्या वर नेला होता. माणशी रोज एक औंस धरला तर तीन वर्षांना पुरतो, कागदावर हिशोब अगदी चोख आहे. पण बाटलीतल्या रसातलं क जीवनसत्त्व महिन्यागणिक कमी होत जातं, तिसऱ्या वर्षी त्यात किती दम उरला असेल? आणि तिथले इनुइट लोक लिंबू न बघता स्कर्व्हीशिवाय जगत होते, कारण ते सील आणि माशांचं मांस ताजं, बरंचसं कच्चं खायचे. मग यांनी शिकार का केली नाही, असं लोक विचारतात. केलीच असणार, पण किंग विल्यमचा वायव्य किनारा म्हणजे नुसती खडी आणि बर्फ, इनुइटसुद्धा तिथे फारसे फिरकत नसत. पाच-सहा माणसांची टोळी जनावरांच्या मागे फिरत जगू शकते, शंभर माणसं नाही. अमुंडसेनचे सहा आणि क्रोझियरचे १०५ यांची तुलना करताना ही गोष्ट लक्षात ठेवावी.

१०५ हा आकडा व्हिक्टरी पॉइंटच्या चिठ्ठीतला. ही चिठ्ठी १८५९ मध्ये मॅक्लिंटॉकच्या मोहिमेतल्या हॉब्सनला दगडांच्या ढिगात सापडली, आणि मोहिमेबद्दल सविस्तर काही सांगणारा तेवढाच एक कागद. त्यावर दोन वेगवेगळ्या वेळचं लिखाण आहे. मे १८४७ मध्ये लिहिलंय सगळं ठीक. मग त्याच कागदाच्या कडेला २५ एप्रिल १८४८ ला फिट्झजेम्स आणि क्रोझियर लिहितात की जहाजं २२ एप्रिलला सोडली, आत्तापर्यंत ९ ऑफिसर आणि १५ माणसं गेली, उरलेले १०५ जण उद्या दक्षिणेला मुख्य भूमीवरच्या बॅक नदीकडे निघतो.

आणि आता माझा दुसरा मोठा आक्षेप, जो मला पहिल्याइतकाच गंभीर वाटतो. बीची आयलंडला अख्खा हिवाळा काढला, थडगी बांधली, रिकाम्या डब्यांचे ढीग रचले, आणि पुढे कुठे चाललोय याची एक चिठ्ठी ठेवली नाही, निदान कोणालाही सापडलेली नाही. नेव्हीने त्यासाठी सहा भाषांत छापलेले फॉर्म दिले होते. आमच्या जहाजावर रोज दुपारी नून रिपोर्ट जातो, पोझिशन, स्पीड, पुढचा कोर्स, आणि तो आला नाही की ऑफिस लगेच फोन करतं. त्या काळी फोन नव्हता पण दगडांचा ढीग आणि टिनची नळी होती. १८५० मध्ये शोधणारी जहाजं बीचीला पोचली, थडगी बघितली, आणि पुढे काय? वेलिंग्टन चॅनलने उत्तरेला गेले असतील असं समजून कितीतरी जहाजं आणि वर्षं तिकडे गेली. पील साउंड जेम्स क्लार्क रॉस आणि मॅक्लिंटॉकने १८४९ मध्ये स्लेजवरून बघितला होता, तो गच्च गोठलेला दिसला म्हणून तो नेहमीच बंद असतो असं धरलं गेलं. एका कागदाने हे सगळं वाचलं असतं.

डॉ. रिचर्ड किंग नावाचा माणूस, जो आधी बॅक नदीवर जाऊन आला होता, १८४७ पासून सांगत होता की मला त्या नदीने जाऊ द्या, ते तिथेच भेटतील. त्याचं कोणी ऐकलं नाही. आणि इनुइट लोक तर सगळं सांगतच होते. १८५४ मध्ये जॉन रे याने त्यांच्याकडून ऐकून लंडनला कळवलं की गोरे लोक होडी ओढत दक्षिणेला आले, उपाशी मेले, आणि शेवटी मेलेल्यांचं मांस खाल्लं. लंडनमध्ये रे वरच चिखलफेक झाली. पुढे हाडांवर सुरीच्या खुणा सापडल्या, आणि २०२४ मध्ये डीएनएने ओळख पटली त्यात खुणा असलेला एक जबडा खुद्द फिट्झजेम्सचा निघाला. एक जहाज दक्षिणेला बुडालंय हेही इनुइट पिढ्यान् पिढ्या सांगत होते. 'एरेबस' २०१४ मध्ये त्याच भागात अकरा मीटर पाण्यात सापडली. 'टेरर' २०१६ मध्ये योआ हेवनच्या सॅमी कोगविक यांनी सांगितल्यावरून टेरर बेमध्ये सापडली. दोन्ही जहाजं सोडली तिथून बरीच दक्षिणेला. त्यामुळे काही लोक परत जहाजावर गेले आणि ती खाली घेऊन आले असावेत, असं मानायला चांगली जागा आहे.

आत्तापर्यंतचं थोडक्यात म्हणायचं तर चुकीचा चार्ट, मोसम संपल्यावरही पुढे रेटणं आणि मागे कोणाला काही न सांगून जाणं, या क्रमाने मी कारणं लावतो. स्कर्व्ही आणि उपासमारीने माणसं मेली, आणि शिसं माझ्या यादीत फार खाली येतं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, वेगळं काय करता आलं असतं. १८४६ चं वर सांगितलंच. १८४८ चं जास्त अवघड आहे. क्रोझियरने दक्षिण निवडली, बॅक नदी. तिच्या तोंडाशी मासे आणि जनावरं मिळतील ही आशा असणार आणि आजारी माणसांना ताजं मांस हवंच होतं, त्यामुळे त्याला मूर्ख म्हणणं सोपं पण अन्यायाचं आहे. पण नदीने पुढे जायचं म्हणजे प्रवाहाच्या विरुद्ध हजार किलोमीटरच्या वर, वाटेत ८३ रॅपिड आणि धबधबे, मग कुठे ग्रेट स्लेव्ह लेकवरचं ठाणं. आणि ओढत काय होते, तर मॅक्लिंटॉकला सापडलेली एक होडी स्लेजसकट १,४०० पाउंडांची, म्हणजे सहाशे किलोच्या वर, आत रेशमी रुमाल, पुस्तकं, चहा, चॉकलेट. त्या होडीचं तोंड ईशान्येला होतं, म्हणजे ते लोक परत जहाजाकडे चालले होते असं दिसतं.

मी उत्तरेला निघालो असतो, फ्युरी बीचकडे. १८२५ मध्ये पॅरीचं 'फ्युरी' हे जहाज तिथे फुटलं आणि सामान किनाऱ्यावर राहिलं. जॉन रॉसने आपलं जहाज सोडल्यावर चार हिवाळ्यांतला शेवटचा याच सामानावर काढून, १८३३ मध्ये लँकेस्टर साउंडमध्ये देवमाशांची शिकार करणारं जहाज गाठलं आणि जवळजवळ सगळी माणसं परत आणली. हे 'टेरर'वर दोघांना प्रत्यक्ष माहीत होतं. क्रोझियर स्वतः १८२५ मध्ये पॅरीबरोबर होता, आणि आईस मास्टर, म्हणजे बर्फातून जहाज कसं न्यायचं ते सांगणारा, थॉमस ब्लँकी तर रॉसबरोबर ते चार हिवाळे काढून आलेला माणूस. अंतर सरळ रेषेत चारशे किलोमीटरच्या आसपास, किनारा ओळखीचा, आणि टोकाला दर उन्हाळ्यात जहाजं येणारा समुद्र. जड होड्या सोडून, चालू शकणाऱ्यांची छोटी टोळी एप्रिलमध्येच पुढे पाठवली असती, तर तिला मदत मिळू शकली असती, कारण १८४८ च्या सप्टेंबरात जेम्स क्लार्क रॉस त्यांनाच शोधायला म्हणून पोर्ट लिओपोल्डला येऊन हिवाळ्यासाठी थांबला, ते फ्युरी बीचच्या वरच आहे. रॉस येणार हे क्रोझियरला कळायला मार्ग नव्हता, पण व्हेलर जहाजं येतात हे त्याला पक्कं माहीत होतं. १०५ च्या १०५ वाचले असते असं मी म्हणणार नाही, स्कर्व्हीने पाय सुजलेला माणूस एवढं चालत नाही. पण वीस-पंचवीस तरी इंग्लंडला परत गेले असते असं मला ठाम वाटतं.